व्हिक्टरीच्या तोफांना दोर नव्हते

मागच्या भागात आपण जहाजाचं धड जोडलं, रंगवलं आणि मी तुम्हाला सांगितलं होतं, की आता घाई करू नका, डेक चिकटवू नका. बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल की डेक तयार आहे, गोंद तयार आहे, मग थांबायचं कशासाठी? आज त्याचंच उत्तर. व्हिडिओत मी वस्तू हातात धरून दाखवल्या होत्या. इथे तुम्ही वाचताय, म्हणून मापं आणि आकडे जरा जास्त देतो.

किट आहे एचएमएस व्हिक्टरीचा. ज्यांना हे जहाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १७५९ साली इंग्लंडमध्ये चॅटमच्या गोदीत त्याचा कणा घातला गेला आणि १७६५ मध्ये ते पाण्यात उतरलं. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रॅफल्गरची लढाई झाली, तेव्हा नेल्सन याच जहाजावर होता आणि याच जहाजावर मेला. १९२२ पासून ते पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभं आहे. ट्रॅफल्गरच्या वेळी त्यावर १०४ तोफा होत्या. सर्वांत खाली ३२ पौंडी गोळ्याच्या ३०, मधल्या डेकवर २४ पौंडी २८, त्यावर १२ पौंडी ३० आणि उरलेल्या सगळ्यात वर, मागच्या आणि पुढच्या उंच डेकवर.

मुलाने परदेशातून हा किट आणला, तेव्हा मी नोकरीत होतो. खोका सहा वर्षं माळ्यावर पडून राहिला. निवृत्तीनंतर इंदूरला स्थिरावलो, सामान लावताना तो खाली आला आणि मी पहिल्यांदा झाकण उघडलं. प्लास्टिकच्या चौकटींत शेकडो सुटे भाग, प्रमाण शंभरास एक. हे प्रमाण मला फार आवडतं, कारण डोक्यात हिशेब करता येतो. मॉडेलवरचा एक सेंटीमीटर म्हणजे जहाजावरचा एक मीटर. व्हिक्टरीचा तोफांचा खालचा डेक १८६ फूट लांब, म्हणजे जवळजवळ ५७ मीटर. टेबलावर तो ५७ सेंटीमीटर.

मी तोफखान्यातला माणूस. साहजिकच सगळ्यात आधी तोफा जोडल्या. नळी, गाडा, चार लाकडी चाकं. बारा तोफा एका रांगेत ठेवल्या, चहा घेतला, परत येऊन पाहिलं आणि काहीतरी खटकलं. काय खटकतंय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं. यातल्या एकाही तोफेला बांधून ठेवणारं काही नाही. चार चाकांवरची तोफ, समोर खिडकी, मागे मोकळा डेक. ही तोफ डागली तर जाईल कुठे?

आता हे मला का खटकलं ते सांगायला चाळीस वर्षं मागे जावं लागेल. नवा कोरा लेफ्टनंट होतो. फायरिंग रेंजवर १०५ मिलिमीटरच्या तोफेजवळ उभा होतो आणि काहीतरी नीट दिसावं म्हणून एक पाऊल आत सरकलो, बरोबर ब्रीचच्या मागे. तोफेचा नंबर वन सातारकडचा हवालदार होता. त्याने माझी कॉलर धरून मला अक्षरशः ओढून बाजूला घेतलं. दुसऱ्याच क्षणी तोफ उडाली आणि नळी मी उभा होतो त्या जागेच्या दिशेने मागे आली. धूर खाली बसल्यावर तो म्हणाला, “सायेब, हितं न्हाई उभं ऱ्हायचं. तोफ वळख ठेवत न्हाई.” अधिकाऱ्याची कॉलर धरली म्हणून त्याने नंतर सॅल्यूट करून माफीही मागितली. मी काय बोलणार?

आणि ती तर आधुनिक तोफ होती. तिच्यात तेल आणि दाबलेल्या वायूचं यंत्र असतं. नळी मागे येते, तो धक्का यंत्र गिळतं आणि नळी आपोआप जागेवर जाते, गाडा हलत नाही. ही सोय पहिल्यांदा नीट जमली ती १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत. त्याआधी शेकडो वर्षं सगळ्या तोफा गाड्यासकट मागे उसळत. जमिनीवर ठीक आहे, मागे जागा असते. जहाजात मागे तुमचीच माणसं आणि त्यांच्या मागे दुसऱ्या बाजूच्या तोफा. ३२ पौंडी तोफेची नुसती नळी पावणेतीन टनांच्या आसपास. गाडा धरून तीन टनांच्या वर. एवढं वजन हलत्या, ओल्या, अंधाऱ्या डेकवर चाकांवर मागे येतं. त्याला अडवायला असतो एक दोर. फक्त एक.

तो दोर जहाजाच्या भिंतीला तोफेच्या एका बाजूला कड्यात बांधलेला, तिथून तोफेच्या मागच्या टोकाला असलेल्या लट्टूपाशी अडकवून दुसऱ्या बाजूच्या कड्यात. इंग्रजीत त्याला ब्रीचिंग म्हणतात. आपण अडवणीचा दोर म्हणू. त्याची लांबी ठरवण्यात खरी हुशारी होती. तोफ मागे येऊन तिचं तोंड खिडकीच्या आत आलं पाहिजे, म्हणजे पुढून दारू आणि गोळा भरता येईल. पण त्याहून मागे जाता कामा नये. म्हणजे ज्या धक्क्याने माणूस मेला असता, तोच धक्का तोफ भरण्याच्या जागी आणून ठेवायचं काम करतो. मग पुन्हा तोफ पुढे ओढायला दोन बाजूंना दोन कप्प्यांचे दोर असत.

माझ्या किटमध्ये यातलं काहीच नव्हतं. दोर नाही, कडी नाही, कप्पी नाही.

सुरुवातीला मला राग आला. एवढा महागाचा किट आणि ही काटकसर? पण नंतर एका ओळखीच्या टूलरूमवाल्याशी बोललो. प्लास्टिकचे साचे करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने मला पाच मिनिटांत शांत केलं. पोलादी साच्याचे दोन अर्धे भाग असतात, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरतात, थंड झालं की दोन भाग सरळ रेषेत उघडतात आणि वस्तू बाहेर पडते. म्हणजे ज्या आकारात साचा अडकेल तो आकार करता येत नाही. आरपार भोकाची कडी, लोंबणारा दोर, जाळी, कापडाची घडी, फार पातळ भिंत, हे सगळं बाद. लाकूड आणि लोखंड यांची नक्कल प्लास्टिक बरी करतं. दोर आणि कापड यांची करत नाही.

आता गंमत बघा. शिडाचं जहाज चालतं कशावर? दोरावर आणि कापडावर. लाकूड हा नुसता सांगाडा. म्हणजे किटमध्ये जे गाळलं जातं ते योगायोगाने गाळलं जात नाही. ज्या वस्तूंना माणसाचे हात लागत होते, नेमक्या त्याच वस्तू साच्यात मावत नाहीत. त्यामुळे खोक्यावरच्या सूचना पाळून पूर्ण केलेलं मॉडेल दिसतं छान, पण त्यावर कोणी राहत नाही असं वाटतं. काय कमी आहे ते शोधायची माझी रीत त्या दिवसापासून बदलली. पूर्वी मी फोटो समोर ठेवून फरक शोधायचो. आता डेकवर एका जागी बोट ठेवतो आणि विचारतो: इथे कोण उभा होता, त्याच्या हातात काय होतं, आणि ते नसतं तर काय बिघडलं असतं?

तर, दोर. इथे एक मोठी फसगत आहे, तिच्यात मी पडलो, तुम्ही पडू नका. जुन्या आरमारी कोष्टकांत लिहिलेलं असतं की ३२ पौंडी तोफेचा अडवणीचा दोर सात इंची. सात इंच! मनगटाहून कितीतरी जाड. मी सरळ हिशेब केला, सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, भागिले शंभर, म्हणजे १.८ मिलिमीटर. तेवढ्या जाडीची सुतळी एका तोफेला लावून पाहिली. तोफेच्या गळ्यात अजगर पडल्यासारखं दिसलं. काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना कळलं, डोक्याला कळायला दोन दिवस लागले. त्या काळी दोर व्यासाने मोजत नसत, परिघाने मोजत. दोराभोवती फीत गुंडाळायची आणि वाचायचं. साहजिक आहे, गोल वस्तूचा व्यास मोजायला साधन लागतं, परीघ मोजायला नुसती दोरी पुरते. मग सात भागिले ३.१४ म्हणजे २.२ इंच व्यास, म्हणजे ५७ मिलिमीटर, आणि मॉडेलवर ०.५७. तीनपटीहून जास्त फरक. मॉडेलवरचा दोर जाड वाटला की आधी हे तपासा.

लांबीचा ढोबळ नियम तोफेच्या लांबीच्या तिप्पट. साडेनऊ फुटी तोफेला साडेअठ्ठावीस फूट, म्हणजे मॉडेलवर ८७ मिलिमीटर. माझ्या किटमध्ये खालच्या दोन डेकवर तोफांची नुसती तोंडं आहेत, भोकात खोचायची. त्यामुळे हा हिशेब तिथे वापरायची वेळच आली नाही. वरच्या १२ पौंडी तोफा मात्र गाड्यासकट पूर्ण आहेत. त्यांना मी सुमारे ०.४ मिलिमीटरचा दोर केला.

“केला” म्हणतोय, “आणला” नाही. किटमधला काळा नायलॉनचा दोरा मी बाजूला ठेवला. तो चकाकतो आणि त्याला पीळ दिसत नाही. टेलरच्या दुकानातला चांगला पॉलिस्टर दोरा घ्यायचा. त्याला आधीच एका दिशेने पीळ असतो. तीन पदर एका टोकाला खिळ्याला बांधायचे, दुसरं टोक हातड्रिलच्या तोंडात, आणि दोऱ्याच्या मूळ पिळाच्या उलट दिशेने फिरवायचं. उलट का? कारण मग मूळ पीळ उसवायला बघतो, नवा पीळ त्याला धरून ठेवतो आणि दोन्ही एकमेकांना आवळतात. म्हणून खरा दोर सोडला तरी सुटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते उगीच नाही. ज्यांनी गावाकडे चऱ्हाट वळताना पाहिलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. फक्त इथे चऱ्हाट शिवणाच्या दोऱ्याचं आहे. वळून झाला की मधमाशीच्या मेणावरून ओढायचा, लव बसते.

सुती दोरा वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. दिसायला सुती सुंदर दिसतो, मान्य. पण माझ्या पहिल्या मॉडेलवर मी सगळे ताणाचे दोर सुती लावले. पावसाळा आला, हवेत ओल आली, सूत आखडलं आणि वरची डोलकाठी धनुष्यासारखी वाकली. हिवाळ्यात तेच दोर लोंबायला लागले. खऱ्या जहाजांवरही तागाचे दोर ओले झाले की आखडत आणि वाळले की सैल पडत, त्यामुळे खलाशांना ते सतत सारखे करत राहावं लागे. म्हणजे माझी चूक इतिहासाला धरून होती, पण वाकलेली डोलकाठी काही सरळ झाली नाही.

कडी करायला जुन्या टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार. बारीक ड्रिलच्या पात्याभोवती एक वेढा, दोन पिळे, कापून भोकात. गोंद कुठला? झटपट चिकटणारा सुपरग्लू दोऱ्यावर नको. वाळला की पांढरट डाग पडतो आणि दोरा काडीसारखा ताठ होतो. तोफ पुढे ढकललेली असताना अडवणीचा दोर सैल असतो, तो डेकवर वजनाने टेकलेला दिसला पाहिजे. दोऱ्याला वजन नाही, ते आपण द्यायचं. पातळ केलेल्या फेविकॉलने भिजवायचा, ओल्या सुईने खाली दाबून वळण द्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

हे सगळं एका तोफेला करायला मला सुरुवातीला अख्खी सकाळ लागली. वरच्या डेकवर अशा ३० तोफा. त्यातल्या मधल्या उघड्या भागातल्या थोड्याच दिसतात, बाकीच्या दोन्ही टोकांच्या डेकखाली झाकल्या जातात. आमच्या सौभाग्यवती आठवडाभर बघत होत्या. एक दिवस चष्मा वर करून म्हणाल्या, “अहो, पण वरचा डेक बसवल्यावर हे दिसणार आहे का कुणाला?” नाही दिसणार. प्रश्न अगदी रास्त होता. मी तडजोड केली. ओढायचे कप्प्यांचे दोर फक्त दिसणाऱ्या तोफांना लावले. अडवणीचा दोर मात्र तिसांच्या तिसांना. याला तुम्ही वेडेपणा म्हणू शकता. पण बांधल्याशिवाय तोफ डेकवर सोडायची माझी तयारी नव्हती, मग ती इंचभराची का असेना.

आता वर चला, डोलकाठीकडे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे जाड दोर असतात आणि त्यांच्यावर आडव्या बारीक दोऱ्यांची शिडी. खलाशी याच शिडीने वर चढायचे. किटमध्ये ही शिडी तयार येते, प्लास्टिक चढवलेल्या दोऱ्याची. मी फूटपट्टी लावली. दोन पायऱ्यांमध्ये पाच मिलिमीटर. म्हणजे खऱ्या जहाजावर अर्धा मीटर! अर्ध्या मीटरची पायरी आपल्या गडकोटांवरही क्वचितच सापडेल, आणि इथे पोरसवदा खलाशी वादळात, रात्री, दोराला लटकत चढायचे. प्रत्यक्षात पायऱ्यांमधलं अंतर तेरा इंचांच्या आसपास असे, म्हणजे मॉडेलवर ३.३ मिलिमीटर. ती शिडी मी काढून टाकली आणि गाठी मारायला घेतल्या. कार्डावर ३.३ मिलिमीटरच्या रेघा मारून कार्ड दोरांच्या मागे लावायचं आणि रेघेवर दोरा ठेवून प्रत्येक उभ्या दोराला एक गाठ. गाठ साधी आहे, क्लोव्ह हिच. तंबू ठोकलेल्या कुणालाही येते. संख्या मात्र हजारोंच्या घरात जाते. रोज संध्याकाळी बातम्या ऐकत पन्नास गाठी, असं मी ठरवलं. पन्नासाच्या वर गेलो की गाठी आवळल्या जातात, उभे दोर मधोमध एकमेकांकडे खेचले जातात आणि शिडीला कंबर येते. तसं झालं तर उसवा. मी चार वेळा उसवलंय.

आता माझी एक चूक सांगतो.

पोर्ट्समथला आज उभ्या असलेल्या व्हिक्टरीचे फोटो पाहा. बाजूला, मधल्या तोफांच्या रांगेत, एक नक्षीचं छोटं दार दिसतं. त्यावर छत, बाजूला खांब. पाहुणे होडीतून येऊन त्या दारातून आत शिरत. माझ्या किटच्या भिंतीला हे दार नव्हतं. मी म्हटलं, सापडली आणखी एक गळती. आठ दिवस खर्च करून डाव्या बाजूची भिंत कापली, चौकट केली, खांब कोरले. झकास दिसत होतं. उजवी बाजू करायला घेणार तेवढ्यात वाचनात आलं की या दाराबद्दल जाणकारांत एकमत नाही. १८०३ मध्ये जहाजाची प्रचंड मोठी दुरुस्ती पुरी झाली. त्यानंतर, म्हणजे ट्रॅफल्गरच्या वेळी, ते दार तिथे होतं हे सगळ्यांना मान्य नाही. जहाजाचं ट्रॅफल्गरकालीन रूप परत आणण्याचं काम झालं ते १९२० च्या दशकात. म्हणजे मी ज्या फोटोवरून १८०५ चं जहाज करत होतो, तो मुळात १८०५ विषयीच्या नंतरच्या लोकांच्या समजुतीचा फोटो होता.

रंगाचंही तेच. वर्षानुवर्षं सगळ्यांनी व्हिक्टरीचे पट्टे गडद पिवळे रंगवले, कारण गोदीतलं जहाज तसं होतं. मग जुन्या रंगाच्या थरांचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये खुद्द जहाजच फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या पिवळ्या रंगात रंगवलं गेलं. मॉडेल करणाऱ्यांत हलकल्लोळ माजला. मी तोपर्यंत डबा उघडला नव्हता, वाचलो.

दाराचं काय केलं? कापलेली भिंत परत जोडायचा जीव झाला नाही. उजवी बाजू कापली नाही. त्यामुळे माझ्या व्हिक्टरीला डावीकडे दार आहे आणि उजवीकडे नाही. भिंतीला लागून ठेवलंय, त्यामुळे एका वेळी एकच बाजू दिसते. कोणी जाणकार आला की मी विचारतो, तुमचा पक्ष कुठला, आणि त्याप्रमाणे जहाज फिरवतो.

या फजितीनंतर मी एक केलं. एकाच जहाजाच्या फोटोवर विसंबणं सोडलं. दोरांची, खुंट्यांची, कप्प्यांची मांडणी पाहायची असेल तर त्या काळातली दुसरी जहाजंही पाहायला हवीत. आणि इथे आपल्या जवळची गोष्ट येते. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली नावाचं शिडाचं लढाऊ जहाज आजही पाण्यात तरंगत उभं आहे. ते बांधलं गेलं मुंबईत. मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, सागवानात. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये ते पाण्यात उतरलं. व्हिक्टरीपेक्षा बरंच लहान, तोफांचा एकच मुख्य डेक, पण ट्रॅफल्गरनंतर अवघ्या बारा वर्षांनी झालेलं. तोफेचा गाडा, अडवणीचा दोर, काठड्यालगतच्या खुंट्या कशा असत हे कळायला त्याचे फोटो मला फार उपयोगी पडले. ट्रिंकोमालीचे मूळ नकाशे इंग्लंडहून एचएमएस जावा या जहाजावरून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाचा निकाल लावला आणि नकाशेही त्याबरोबर गेले. दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. आपल्या किटमधला सूचनांचा एक कागद हरवला तर आपण किती बोंब मारतो ते आठवा.

बरं, माझं चऱ्हाट लांबत चाललंय. अजून दोन गोष्टी आहेत.

पहिली, काठड्यावरची जाळी. डेकच्या कडेने लोखंडी काट्यांची रांग असते. किटमध्ये त्या काट्यांच्या जागी नुसती एक भरीव पट्टी येते. ती काढून मी तांब्याच्या तारेचे काटे केले, त्यात बारीक जाळी लावली. जाळीला लग्नाच्या फेट्यावरची नेट चालते, फक्त भोकं बारीक बघून घ्या. या जाळीत रोज सकाळी खलाशी आपापलं अंथरूण आणून ठेवत. झोपायची कापडी झोळी असे, ती गुंडाळून, दोराने आवळून, ठरावीक कड्यातून पार होईल इतकी घट्ट करावी लागे. आमच्या होल्डॉलच्या तपासणीची आठवण झाली मला. जागा मोकळी व्हावी हा एक हेतू. दुसरा हेतू असा की लढाईत शत्रूच्या बंदुकीची गोळी आधी त्या गुंडाळ्यांत शिरावी. म्हणजे माणूस रात्री ज्यात झोपायचा, दिवसा त्याच्याच आडोशाला उभा राहायचा. ट्रॅफल्गरला व्हिक्टरीवर आठशेवर माणसं होती, त्यातली ५७ मेली आणि १०२ जखमी झाली. नेल्सनला लागलेली गोळी शेजारच्या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून, म्हणजे वरून आली होती. वरून येणाऱ्या गोळीला या गुंडाळ्यांचा उपयोग नसतो.

खाली झोळ्या टांगायला माणशी चौदा इंच रुंदीची जागा ठरलेली होती. निम्मे लोक पाळीवर असत म्हणून प्रत्यक्षात दुप्पट मिळे. चौदा इंच मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. गुंडाळ्या करायला मिठाईच्या डब्यातला पातळ कागद वापरला. पट्टी कापायची, पातळ फेविकॉल लावायचा, सुईवर गुंडाळायची, सुई काढायची. साधारण दोन मिलिमीटर जाड, एक सेंटीमीटर लांब. दोनशेच्या आसपास केल्या. सगळ्या अगदी सारख्या करू नका. खऱ्याही नसणार.

दुसरी गोष्ट, सुकाणूचं चाक. मागच्या डेकवर, छपराच्या आडोशाला, एकामागे एक दोन चाकं असतात. किटमध्ये ती छान कोरलेली आहेत, दांडेबिंडे सगळे. पण दोन चाकांच्या मध्ये जो लाकडी रूळ आहे, त्यावर काहीच नाही. सूचनांप्रमाणे चाक डेकवर चिकटवायचं आणि पुढे जायचं. अरे, पण हे चाक फिरवून होणार काय? खऱ्या जहाजात त्या रुळावर दोराचे वेढे असतात, तो दोर डेकमधल्या भोकांतून खाली खाली जातो आणि सर्वांत खालच्या तोफांच्या डेकवर सुकाणूच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी ओढतो. वर माणसं चाक फिरवतात, खाली भलामोठा दांडा हलतो, हजारो टनांचं जहाज वळतं. दोर नसेल तर चाक शोभेचं.

ट्रॅफल्गरला नेमकं हेच झालं. व्हिक्टरी शत्रूच्या रांगेवर चालून जात असताना, तिच्या तोफा अजून बोलू लागलेल्या नसताना, एक गोळा येऊन हे चाक उडालं. चाकच नाही म्हटल्यावर खाली दांड्याला दोर बांधून सुमारे चाळीस माणसांनी ते जहाज हातांनी ओढून वळवलं. वरून हुकूम ओरडत खाली पोचवले जात होते. त्या अवस्थेत व्हिक्टरीने शत्रूची रांग तोडली.

मी त्या रुळावर ०.३ मिलिमीटरच्या दोऱ्याचे वेढे दिले, डेकला दोन भोकं पाडली आणि दोऱ्याची टोकं आत सोडली. खाली दांडा नाही, टोकं नुसती अंधारात लोंबतायत. मग डेक चिकटवला. छपराखाली असल्यामुळे चाक मुळात दिसतच नाही. टॉर्च मारून, मान वाकडी करून पाहिलं तर दोऱ्याचा एक काळा ठिपका दिसतो. सौभाग्यवतींनी टॉर्च मारून पाहिला आणि यावेळी काही म्हणाल्या नाहीत.

तर डेक चिकटवण्याआधी थांबा म्हटलं होतं ते यासाठी. चाकाचा दोर, तोफांचे दोर आणि भिंतीतल्या कड्या, एवढं झालं की मगच वरचा डेक बसवा. जाळी आणि शिड्या नंतर करता येतात, किंबहुना नंतरच कराव्यात, नाहीतर बाही अडकून तुटतात. पुढच्या भागात डोलकाठीच्या दोरांना ताण देणारे तीन भोकांचे गोल ठोकळे, ज्यांना डेडआय म्हणतात, ते घेऊ. त्यासाठी लागेल एक मिलिमीटरहून बारीक ड्रिल, चिमटा आणि घरात कोणी बोलावणार नाही अशी एक दुपार.

जय हिंद.